पैऱ्याचा दाखला

माझी मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा तिला सांभाळायला सासूबाई होत्या, आणि दिवाळीनंतर त्या नसणार होत्या. नणंदेचं बाळंतपण सांगलीला व्हायचं होतं. सुनेची नोकरी आहे म्हणून लेकीचं बाळंतपण पुढे ढकलता येत नाही. हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. माझ्या सासरी कुणी काही बोलून दाखवत नाही. घरचा हळदीचा व्यापार. त्या बाजारात पूर्वी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे. बाजारातून ती पद्धत गेली, आमच्या घरात राहिली. सासरे फोनवर म्हणायचे, "तब्येतीला जपा, फार दगदग करू नका." नवरा म्हणायचा, "बघू, काय होतंय ते." याचा भाव मला कळत होता. नोकरी सोड.

मी पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या काठच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. नवरा सांगलीत दुकानावर, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. दुसरीकडे बदली मागावी तर आमच्या संस्थेचं दुसरं कॉलेजच नाही. राहायला गावातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या. सुभेदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गेटवरच्या पाटीवर तसा उल्लेख नव्हता. ते पहाटे पाचला उठून अंगणात फेऱ्या मारत. आठ वाजता त्यांची सून रानात गेली की ते खुर्ची टाकून रस्त्यावर लक्ष ठेवत. शत्रू त्या बाजूने यायचा असावा.

खासगी सोय पाटणमध्ये एक होती. इंग्रजी नावाची, भिंतीवर जिराफ काढलेली. ती तीन वर्षांच्या पुढचं मूल घ्यायची, साडेबाराला सोडायची, आणि तिची फी ऐकून सासूबाईंनी विचारलं होतं की त्यात जिराफ पण मिळतो का. सरकारची मदत म्हणाल तर ती असते, पण कोणाला ती असते हे आधी बघावं लागतं. केंद्राच्या नोकरांना मुलाच्या नर्सरीपासून शिक्षणभत्ता मिळतो. सुभेदारांचा मुलगा फौजेत, त्यामुळे त्यांच्या नातवाला तो पुढे मिळणार होता. नातू तेव्हा दोन वर्षांचा होता आणि नर्सरीत जाण्याऐवजी आईबरोबर उसात जात होता. माझं कॉलेज अनुदानित. म्हणजे अनुदान कॉलेजला. आमच्या मुलांनी आपापली सोय बघायची.

अशात गावात सरकारी पाळणाघर आलं.

खरं तर ते आलं नव्हतं, त्याचं उद्घाटन झालं होतं. या दोन गोष्टींत फरक असतो हे मला नंतर कळलं. गावचे माजी सरपंच तालुक्याला हेलपाटे घालून ते मंजूर करून घेऊन आले होते. ग्रामपंचायतीच्या मागची खोली रंगवली होती, आत सहा पाळणे, एक गॅस शेगडी आणि एक वजनकाटा होता. बाहेर फ्लेक्स होता. खोलीपेक्षा तो थोडा मोठा होता. त्यावर गावातल्या आणि तालुक्यातल्या सोळा पुरुषांचे चेहरे आणि खाली कोपऱ्यात एक निळ्या डोळ्यांचं गोरं बाळ. त्या बाळाला गावात कोणी ओळखत नव्हतं.

उद्घाटनाला पाळण्यात मुलं हवीत म्हणून सकाळी घरोघर फिरून मुलं गोळा केली. माझी मुलगीही नेली. तिला पाहुण्यांच्या हातात दिलं, फोटो काढले, पाहुण्यांनी पाळण्याला एक झोका दिला, स्त्रीशक्तीवर भाषण केलं आणि पुढच्या गावाला गेले. मग सगळी मुलं ज्याची त्याला परत करण्यात आली. एका घरी चुकून दुसरंच मूल गेलं होतं, ते संध्याकाळपर्यंत तिथेच जेवलं. स्त्रिया भाषणाला नव्हत्या. त्या रानात भांगलणीला, तण काढायला, गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन पाळणाघरात गेले तर दाराला कुलूप. पाळणाघर चालवायला नेमलेल्या ताई पायरीवर बसल्या होत्या. त्या गावातल्याच, हसऱ्या, दहावी झालेल्या. त्यांच्याकडून मला योजना कळली. नोकरी किंवा काम करणाऱ्या आईचं मूल सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत इथे ठेवता येतं. दिवसभर, खाण्यासकट. आईबापानं उत्पन्नानुसार थोडे पैसे भरायचे, बाकीचं सरकार भरतं. माझं उत्पन्न सगळ्यात वरच्या गटातलं होतं आणि तरीही महिन्याची रक्कम जिराफवाल्यांच्या प्रवेशअर्जाच्या किमतीइतकी होती. आई काम करते याची व्याख्याही केलेली होती: महिन्यातले पंधरा दिवस किंवा वर्षातले सहा महिने.

"मग उघडा की," मी म्हटलं.

"पंचवीस पोरं लागत्यात, मॅडम," ताई म्हणाल्या. "तुमची एक झाली. आन् दवाखान्यातल्या नर्सबाईंचा एक."

"बाकीची?"

"बाकी गावात कामाला जाणारी बाईच न्हाई."

मी रस्त्याकडे पाहिलं. डोक्यावर वैरणीचे भारे घेतलेल्या चार बायका चालल्या होत्या, एकीच्या कडेला मूल होतं. ताईंनीही पाहिलं. पाळणाघर चालवणारी संस्था साताऱ्याची होती आणि तिचा नियम असा की, आई ज्याच्याकडे काम करते त्याचा सहीचा दाखला पाहिजे. ताई हा नियम घेऊन सगळं गाव फिरल्या होत्या. प्रत्येक उंबऱ्यावर एक सासरा भेटला होता आणि प्रत्येक सासऱ्यानं सांगितलं होतं की आमच्या घरातल्या बायका कामाला जात नाहीत. एकानं तर ताईंना विचारलं होतं, आमच्यावर काय अशी पाळी आली असं कुणी सांगितलं तुला?

मी त्या गावात चार वर्षं राहिले होते. सकाळी कॉलेजला जाताना आणि दुपारी येताना दोन्ही बाजूंच्या रानांत मला फक्त बायका दिसत. ऊस लावायला बायका, भांगलायला बायका, हळद काढायला बायका, पाला उचलायला बायका. पुरुष पाण्याची मोटर चालू करत आणि बंद करत. पण आपल्या रानात राबणं हे घरचं. काम म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाणं, ते गरिबाघरच्या बायका करतात, आणि गावात स्वतःला गरीब समजणारं घर एकही नव्हतं. कर्ज असलेली बरीच होती.

सगळ्यात पक्कं घर सुभेदारांचं. त्यांची सून चोवीस-पंचवीस वर्षांची, बारावी झालेली, नवरा सीमेवर. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून सासूबाईंशी बोलायची. तिचा मुलगा लहान होता तोवर ती त्याला बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून निजवायची. आता तो चालायला लागला होता आणि झोळीत राहीना. मग ती त्याच्या कमरेला जुन्या साडीचा काठ बांधून दुसरं टोक लिंबाला बांधायची. भाद्रपदात एकदा गाठ सुटली आणि तो पाटाच्या काठापर्यंत गेला. पाटाला त्या दिवशी पाणी नव्हतं. हे तिनं घरात सांगितलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं होतं, आणि सासूबाईंनी त्या दिवशी मला माझ्या मुलीला एक मिनिटही खाली ठेवू दिलं नाही.

ताईंना संस्थेकडून निरोप आला की दिवाळीच्या आत साताऱ्याहून पर्यवेक्षिका बाई येतील, पंचवीस मुलं भरली तर पाळणाघर चालू, नाहीतर पाळण्यांसकट दुसऱ्या गावाला. मी हा निरोप घरी येऊन सासूबाईंना सांगितला. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झाल्यावर ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "चल, सुभेदारांना विचारू."

मी म्हटलं, ताई विचारून आल्यात.

"ताईंनी सरकारच्या वतीनं विचारलं. आपण भाडेकरू आहोत."

सुभेदार खुर्चीत होते. सासूबाईंना बघून उठून उभे राहिले. बायकांसमोर उभं राहायची शिस्त त्यांना फौजेनं लावली होती. सुनेसाठी ती लागू नव्हती. सासूबाईंनी पाळणाघराचं सगळं सांगितलं. नातवाला बरं पडेल म्हणाल्या. मुलगा सीमेवर निर्धास्त राहील म्हणाल्या. सुभेदारांनी ऐकून घेतलं.

"वैनी, तुमचं म्हणणं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर आमची सून कामाला जात न्हाई. हाऊसवाईफ हाय ती. खोटं रिपोर्टिंग मी जिंदगीत केलं न्हाई."

त्या वेळी त्यांची सून डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेटातून आत आली, गोठ्याकडे गेली. मागे पोरगा. सुभेदारांनी पाय जरा आत घेतले, भारा लागू नये म्हणून.

"आज कुठे होती?" सासूबाईंनी सहज विचारलं.

"पैऱ्याला गेलती."

पैरा ही त्या भागातली जुनी पद्धत. आज तुझ्या रानात आम्ही येतो, उद्या आमच्या रानात तू ये. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. भांगलण एकटीनं होत नाही, म्हणून दहाबारा घरच्या सुना मिळून एकेकाचं रान उरकतात. पुरुषांचा या व्यवहाराशी संबंध नसतो. पुरुषांचं बोलणं बंद असलं तरी पैरा चालू असतो, कारण तण भावकीतली भांडणं संपायची वाट बघत नाही.

"कोणाकडे?" सासूबाई म्हणाल्या.

सुभेदारांनी नाव न घेता हनुवटीनं माजी सरपंचांच्या घराकडे दाखवलं. सून त्यांच्या रानात गेली होती. सुभेदार आणि माजी सरपंच चुलत भाऊ. एका लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव आधी यावं यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. लग्न पार पडलं, त्या जोडप्याला दोन मुलं झाली, पण पत्रिका मिटली नव्हती. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर माजी सरपंचांचा चेहरा पहिल्या ओळीत होता आणि सुभेदारांचा निळ्या डोळ्यांच्या बाळाशेजारी.

"बायकांचं चालतंय काहीतरी," सुभेदार म्हणाले. आणि मग, गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण बसले नाहीत. "आमचीच जाती असं न्हाई. त्यांची सून परवा दिवसभर आमच्या रानात वाकली हुती. सरपंचाची सून असली म्हणून काय झालं. मी सवता बघितलंय."

सासूबाई हळदीच्या पेठेत तीस वर्षं राहिलेल्या. घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं की आपल्या मालाला हलकं कोणीच म्हणत नाही, म्हणून कोणाला त्याच्या मालाबद्दल विचारायचंच नसतं. शेजाऱ्याच्या मालाबद्दल विचारायचं. पण ते नंतर. त्या क्षणी त्या एवढंच म्हणाल्या:

"मग तेवढंच लिहून द्या, सुभेदारसाहेब. तुमच्या सुनेचं राहू द्या. त्यांची सून तुमच्याकडे काम करते, एवढंच."

सुभेदारांनी रस्त्याकडे पाहिलं. खोटं रिपोर्टिंग यात नव्हतं. शिवाय हे कागदावर येणार होतं, सरकारी दप्तरात जाणार होतं, साताऱ्याला. माजी सरपंचांची सून सुभेदारांच्या रानात कामाला येते. त्यांनी आत जाऊन चष्मा आणला, आणि सुंदर, सरळ अक्षरात दाखला लिहिला. खाली हुद्द्यासकट सही केली. शिक्का नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

तो कागद घेऊन सासूबाई माजी सरपंचांकडे गेल्या. मी बरोबर नव्हते, माझा तास होता. त्यांच्या सांगण्यावरून जे कळलं ते असं. माजी सरपंचांनी दाखला दोनदा वाचला. त्यांचा रंग बदलला. आमच्या सुनेला कामाला लावणारा हा कोण, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी समजूत घातली की गैरसमज नको, सुभेदारांच्या सूनबाईही तुमच्याकडे येतातच की. माजी सरपंच म्हणाले, येतीच. कालच हुती. राबती बी चांगली, तिच्या सासऱ्यासारखी न्हाई. मग त्यांनी कागद मागवला. त्यांच्याकडे शिक्का होता. पद गेलं तरी शिक्का राहिला होता. त्यांनी तो दोन ठिकाणी मारला.

त्यानंतर सासूबाईंना फारसं हिंडावं लागलं नाही. ही बातमी संध्याकाळी पारावर पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून दाखले ताईंच्या घरी आपण होऊन यायला लागले. प्रत्येकानं दुसऱ्याच्या सुनेचा दिला होता. काहींनी मागितलेल्यापेक्षा जास्त माहिती लिहिली होती, किती वाजता येते, कशी वाकते. एका म्हाताऱ्यानं व्याह्यांच्या घरातल्या तिन्ही सुनांचे एकाच कागदावर दिले आणि वर लिहिलं की, गरज पडल्यास प्रत्यक्ष हजर राहून सांगण्यास तयार आहे. स्वतःच्या सुनेचा दाखला एकानंही दिला नाही. पण शेवटी कोणाची सून उरली नाही.

माझा दाखला सगळ्यात उशिरा आला. मी अर्ज दिला तेव्हा प्राचार्यांनी तो वरच्या कार्यालयाला पाठवावा लागेल असं सांगितलं. मी इथे नोकरी करते याची खात्री त्यांना होती, पण अधिकार होता की नाही याची नव्हती. मी रोज त्यांच्यासमोर हजेरीपटावर सही करत होते, आणि रोज ते म्हणत होते, येईल.

पर्यवेक्षिका वसुबारसेच्या आदल्या दिवशी आल्या. साताऱ्याहून पहाटे निघून दोन एसट्या बदलून आलेल्या, थकलेल्या बाई. फ्लेक्सकडे त्यांनी पाहिलं नाही. असे बरेच पाहिलेले असावेत. पाळणाघराच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या होत्या. एका टोकाला सुभेदार, दुसऱ्या टोकाला माजी सरपंच, मध्ये रिकाम्या खुर्च्या. आया खाली, मुलांना घेऊन. मी रजा टाकून आले होते. सासूबाई माझ्या शेजारी, मुलगी त्यांच्या मांडीवर.

बाईंनी दाखले वाचले. वाचता वाचता त्यांचं वाचणं सावकाश झालं. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे सगळे पाटील-देशमुख एकमेकांकडे मजुरीला जातात?"

ताईंनी पैरा समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, पैरा त्यांना माहीत आहे, त्या माण तालुक्यातल्या, म्हसवडकडच्या. पण दाखले अशा भानगडीचे आले तर वरती त्यांना विचारतील. त्या प्रत्येक घरच्या माणसाला विचारणार, तुमची सून काम करते का. घरानं हो म्हटलं तर धरणार, नाहीतर नाव काढणार.

हे आम्ही धरलंच नव्हतं. एका माणसानं नाही म्हटलं की दुसरा हो म्हणणार नव्हता, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. सासूबाईंनी मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. माझ्या मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्य तयार झालं. मी मराठी शिकवते, ते वाक्य चांगलं होतं.

पहिला कागद सुभेदारांच्या सुनेचा निघाला. वर दोन शिक्के होते म्हणून असेल.

"सुभेदार, तुमच्या सूनबाई यांच्या शेतात काम करतात, असं यांनी लिहून दिलंय. बरोबर आहे?"

माजी सरपंच समोर बघत होते. सुभेदार ताठ बसले होते. ते गुडघ्यावरचे हात उचलून परत गुडघ्यावर ठेवत होते. सून खाली पहिल्याच ओळीत होती, पदर डोक्यावरून पुढे घेतलेला, पोरगा तिच्या मांडीतून सुटायचा प्रयत्न करत होता, आणि तिनं त्याच्या कमरेचं कापड मुठीत धरलं होतं. सुभेदारांनी तिकडे पाहिलं. ते कापड त्यांनी आधी कधी पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. रानात ते क्वचित जात.

पर्यवेक्षिकांनी घड्याळ पाहिलं, त्यांची एसटी होती.

"तिचं तिला इचारा," सुभेदार म्हणाले.

त्या घरात चार वर्षं राहून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. सुनेनं ते बहुधा लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं असावं. तिनं पदर सारखा केला.

"व्हय, जाते," ती म्हणाली. "ह्यांच्या रानात जाते, खालच्या आळीत जाते. आन् आमच्या बी रानात करते की रोज. ते लिवायचं का?"

"त्याचा दाखला कुठे आहे?" पर्यवेक्षिका म्हणाल्या. नियमच तसा होता.

तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

पर्यवेक्षिकांनी कागदावर खूण केली आणि पुढचा काढला. माजी सरपंचांची पाळी आली तेव्हा ते प्रश्न संपायच्या आत म्हणाले, तिलाच इचारा, आमच्याकडं बी तसंच असतं. त्यानंतर ओट्यावरच्या कोणालाच काही विचारावं लागलं नाही. बायका आपापलं सांगत गेल्या. पहिल्या दोघीतिघी हळू बोलल्या. नंतर आवाज वाढला, आणि शेवटी शेवटी एकीचं दुसरी सांगायला लागली, ही लय करते बघा बाई, हिचं मोठं लिवा. पर्यवेक्षिकांना एक एसटी सोडावी लागली. सव्वीस मुलं भरली. माझी मुलगी तात्पुरती धरली, दाखला यायचा आहे असं लिहून.

दिवाळी झाली. भाऊबीज करून पाळणाघर उघडलं. सुभेदार पहिल्या सकाळी नातवाला स्वतः घेऊन गेले, बूट घालून. बाकी त्यांच्या घरात काही बदललं असं मला दिसलं नाही. फक्त सून एकदा खिडकीत सासूबाईंना म्हणाली की मामंजी आता सकाळी विचारतात, आज कुठल्या रानात. आधी सांगायचे.

सासूबाई पाळणाघर सुरू झाल्यावर आठवडाभर थांबल्या. रोज अकरा वाजता काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन यायच्या. खिचडीत मीठ जास्त आहे, पाळणा दारातल्या वाऱ्यात आहे, असं येऊन सांगायच्या. सातव्या दिवशी त्यांना सांगण्यासारखं काही सापडलं नाही. त्या रात्री त्यांनी पिशवी भरली.

सकाळी मी मुलीला ताईंकडे सोडलं आणि सासूबाईंना पोचवायला फाट्यावर गेले. मुलगी रडली, मग तिला वजनकाटा दिसला. सांगलीची गाडी यायला वेळ होता. सासूबाई पिशवीवर बसल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी मला नोकरी सोड म्हटलं नव्हतं, सोडू नको असंही म्हटलं नव्हतं. सासरे आणि नवरा काय म्हणतात ते त्यांच्या कानावर माझ्याइतकंच होतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं तर भाव कळतो, आणि भाव कळला की व्यवहार करावा लागतो.

गाडी दिसली तेव्हा त्या उठल्या, पदर खोचला.

"घरी गेल्या गेल्या विचारतील, समजावलंस का तिला म्हणून."

"मग काय सांगणार?"

"सांगेन, खूप समजावलं. ऐकत नाही."

"पण तुम्ही मला काहीच समजावलं नाहीत."

"ते त्यांना कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. गाडी थांबली. मी पिशवी वर दिली. त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण त्यांनी हात वगैरे हलवला नाही, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होत्या. गाडी वळणावर गेली आणि मी कॉलेजकडे चालू लागले. पहिला तास बुडाला होता. दुसरा मिळाला.